पांढरा गोट

१

सबोहतबीबी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिचे कपडे धुवायला आम्ही बायका अंगणात बसलो होतो. तिच्या कपड्यांच्या गाठोड्यातून भलताच एक कपडा निघाला, आणि तोवर अपघाती म्हणून मातीआड केलेलं ते मरण पुन्हा अंगणात येऊन उभं राहिलं.

आमच्या चिनोरतग मोहल्ल्यात मेलेल्या माणसाचे कपडे तिसऱ्या दिवशी धुतात. त्याआधी त्यांना पाणी लावायचं नाही. आणि तोवर त्या घरात चूलही पेटत नाही. रोटी-शोर्बा शेजारपाजारचे आणतात, चहा दुसऱ्याच्या समोवारातून येतो. तिसऱ्या दिवशी या धुण्याचं पाणी तापवायला जी पेटते, तीच घरातली पहिली आग. यात कुणी सूट मागत नाही. मी तर अख्खा जन्म पोलिसात खुनांचे तपास करण्यात घालवलेली बाई, देवाधर्माच्या बाबतीत मोहल्ल्याच्या दृष्टीने वाया गेलेली, पण त्या तीन दिवसांत मीसुद्धा तिथे काडी ओढली नसती.

हिवाळा ऐन भरात होता. अंगणात घोट्याएवढा बर्फ. दोन कढया मांडल्या होत्या, एकीत राखेचं निवळलेलं पाणी, दुसरीत साबणासारख्या फेसाळणाऱ्या बेखच्या मुळांचा दाट फेस. मुख्य धुणारी झुम्रदखोला, सगळ्या मोहल्ल्याची मावशी. मोहल्ल्यातल्या निम्म्या मेलेल्यांचे कपडे तिच्याच हातून गेलेत. पांढरं आधी, रंगीत मागून, लोकर शेवटी, हा तिचा नेम. बायका चहा पीत होत्या, आणि मधोमध अंथरलेल्या दस्तरखानाकडे बघून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. जेवणाचा तो पांढराशुभ्र कपडा गेल्या शरदात धाकट्या सुनेने, झरनिगोरने, लाल अभ्र्याबरोबर भिजत घातला, तेव्हापासून तो गुलाबी झाला होता.

"बीबीने टाकला नाही गं तो," झुम्रदखोला म्हणाली. "मी म्हटलं, फाडून पोतेरं कर. तर म्हणते, गुलाबी तर गुलाबी, रोटी काय उपाशी राहते का त्यावर?"

सगळ्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. सबोहत माझी बाळपणची मैत्रीण. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात खोलाने गाठोड्यात हात घातला आणि एक जाकीट बाहेर ओढलं. फिकट निळं छीट, आत कापूस, लाल अस्तर, आणि अस्तराच्या कडेने बारीक पांढरा गोट. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी डाग.

"हे बीबीचं नाही," खोला म्हणाली. तिने डागावर गार पाणी ओतलं, मुळाचा फेस चोळला, अंगठ्याने खरवडलं. डाग हलला नाही. तिचा चेहरा बदलला. "हे आधीच धुतलंय कुणीतरी. कढत पाण्यात. रक्त आहे हे, आणि शिजवून पक्कं करून ठेवलंय."

थोरली सून फझिलत ओसरीवर उभी होती. धाकटीचं तान्हं तिच्या कडेवर होतं. ती किंचाळलीच.

"अगं बाई! हे तर झरनिगोरचं!"

२

सबोहत पहाटे वारली होती. नमाजाआधी हातपाय धुवायला ती अंगणातल्या दगडी कुंडापाशी गेली, बर्फावरून घसरली, डोक्याची मागची बाजू कुंडाच्या कडेवर आपटली, असं सगळ्यांनी धरलं. झरनिगोरला ती तिथे पडलेली सापडली. सूर्य मावळायच्या आत तिला पुरून आलेही. म्हातारी, बर्फ आणि दगड. कुणाला शंका येणार? मलाही आली नव्हती, हे कबूल करते.

आता अंगणात उभी होती झरनिगोर. दुशान्बेच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, धुण्याचं यंत्र सोडलं तर धुणं म्हणजे काय ते हिला लग्नानंतरच कळलं. नवरा बेहरूझ रशियात बांधकामावर. ती जाकिटाकडे बघत राहिली. काल तिच्या गळ्यात पडून रडणाऱ्या बायका आता हातभर मागे सरकल्या होत्या. घर फिरलं की वासेही फिरतात.

मोहल्ल्याचा अंमलदार शेरअली आला. एकेकाळी तो माझ्या हाताखाली होता. त्याने डाग पाहिला, मुलीकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात सगळं जुळून गेलं.

"महफिरातआपा, यात तपासायचं काय राहिलं? सासूला ढकललं, बाही भरली, घाईत धुतली, निघेना म्हणून गाठोड्यात कोंबली. हिला मी आजच शहरात नेतो."

"आणि पोर?"

"पोर इथेच. काकू आहे ना." त्याने फझिलतकडे बोट केलं. फझिलतने पोरीला आणखी जवळ ओढलं.

तेव्हा झरनिगोर पहिल्यांदा बोलली. "आपा, अजून अंगावर पिते ती. तिला माझ्यापासून तोडू नका. मी काही केलं नाही. ते जाकीट ओसरीवरच्या खुंटीला असायचं. बीबी गेली त्या दिवसापासून दिसत नव्हतं. मी यंगाला विचारलंसुद्धा."

यंगा म्हणजे थोरली जाऊ. फझिलत म्हणाली, "मला कुणी काही विचारलं नाही."

मी शेरअलीला म्हटलं, "हे धुणं सूर्य मावळायच्या आत संपतं. तोवर थांब. बैस, चहा पी."

"आपा, कायदा..."

"कायदा मीच शिकवलाय तुला. बैस."

तो बसला. मी जाकीट घेऊन उजेडात गेले. पाणी न लागलेल्या डाव्या बाहीची शिवण दोन बोटं उसवली आणि आतला कापूस चिमटीत धरला. कोरडा, फुललेला, कुठे गोळा नाही. त्याला तंदूरचा वास होता, ताज्या रोटीचा. मग मी अस्तराला जीभ लावली. शेरअलीने तोंड वाकडं केलं. खरं तर तेव्हाच मला अर्धं कळलं होतं, पण अर्ध्यावर मी कुणाला बेड्या घालत नाही.

३

थोरला मुलगा नुसरत फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. त्याचं घर भिंतीपलीकडेच. दोन्ही अंगणांच्या मधे एक दार, ते कधी लावलेलं नसे.

"नुसरत, आईचं आणि तुझं काय बिनसलं होतं?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण आईच्या कपड्यांचं धुणं चाललंय आणि तू फाटकाबाहेर उभा आहेस."

त्याने बराच वेळ बूट बर्फावर घासला. मग सांगितलं. बेहरूझला तिकडे दुसरी कुणी भेटली होती. त्याने फोनवरून तीनदा तलाक म्हटलं, आणि थोरल्या भावाला सांगितलं, हिला माहेरी पाठव, पोर ठेवून घे. पोर आपल्या घराण्याची.

"आणि आई?"

"आई म्हणाली, फोनवरून मी कोंबडीसुद्धा विकत घेत नाही, सून काय सोडीन? म्हणाली, सून आणि पोर इथेच राहतील, बेहरूझला यायचं तर त्याने परवानगी मागावी." त्याने बूट पुन्हा बर्फावर घासला. "मी ओरडलो आईवर. शेवटचं बोलणं ते आमचं."

"फझिलत काय म्हणाली यावर?"

"ती काय म्हणणार? गरीब गाय आहे ती. मूल नाही आम्हाला, सगळं शहर पालथं घातलं, औषधं केली, ताईत केले. या पोरीवर जीव आहे तिचा. पाळणा आमच्याच खोलीत आहे की अर्धा वेळ."

"त्या पहाटे तू कुठे होतास?"

"गाडी बर्फात रुतली होती, आपा. तुमच्याच भाच्याने ढकलली."

ते खरं होतं. मी स्वतः खिडकीतून दोघांच्या शिव्या ऐकल्या होत्या.

"बरं, मला सांग, रक्ताचा डाग कसा काढतात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कढत पाण्याने? मला काय ठाऊक, आपा. मी पायमोजे घाण झाले की नवे घेतो."

४

फझिलत तिच्या तंदूरपाशी होती. तीन दिवस मयताच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रोट्या तिने भाजल्या होत्या. हातावर भाजल्याचे चट्टे, डोळे तांबारलेले. पोर पाठीला बांधलेली. या बाईने तीन दिवसांत उभ्या उभ्या झोप काढली असेल. मला तिची कीव आली, हे सांगून टाकते. पुढचं मी कीव बाजूला ठेवून केलं.

"दमलीस गं," मी म्हटलं.

"करायला दुसरं कोण आहे, आपा? धाकटी नुसती बसून रडते. तिला काही येतं का? रोटी लावली तर निखाऱ्यात पडते. धुतलं तर..." ती थांबली.

"तर गुलाबी होतं."

"अहो, हसताय काय! त्या अभ्र्याचं कापड आणि या जाकिटाचं अस्तर एकाच ताग्यातलं. बीबीनेच आणलं होतं बाजारातून. रंग बघून भुलली. त्या लाल कापडाला पाणी दाखवलं की रंग रडायला लागतो. मी तेव्हाच बजावलं होतं, याला जपून धुवा. पण ऐकेल तर ती शहरातली राणी कसली?"

"पण हे जाकीट तर तिने छान धुतलं," मी म्हटलं. "बघ ना, अस्तराचा रंग कणभर उतरलेला नाही."

तिने जाकिटाकडे पाहिलं. क्षणभर तिच्या तोंडावर अभिमान आला. चांगलं काम झालेलं दिसलं की आमच्या बायकांच्या तोंडावर येतो तसा. मग तो गेला आणि ती वळून रोट्या काढू लागली.

"नशीब तिचं," ती म्हणाली. "कधीकधी नाही उतरत."

मी परत निघाले. पाठीवरची पोर माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसली.

५

ऊन भिंतीवर चढलं होतं. शेरअली चुळबुळत होता. मी सगळ्यांना कढयांभोवती बोलावलं. नुसरतलाही, फझिलतलाही.

"शेरअली, हा डाग पक्का का झाला?"

"कढत पाण्याने धुतला म्हणून. हे मलाही कळतं, आपा."

"कढत पाणी कुठून आलं?"

"चुलीवरून."

"या घरात चूल पेटली होती?"

झुम्रदखोलाच म्हणाली, "आज सकाळी मीच पेटवली. चुलीत जुनी राख थिजून दगड झाली होती."

"मग मरण उघडकीला यायच्या आधी, त्याच पहाटे तापवलं असेल," शेरअली म्हणाला.

"असेल. पण हे कापूस भरलेलं जाकीट आहे. या थंडीत दोरीवर टाकलंस तर लाकडाची फळी होते. आतला कापूस वाळायला दोन-दोन दिवस आगीजवळ ठेवावं लागतं. इथे आग कुठली? तान्ह्या पोरीसाठी संदलीच्या ठेंगण्या मेजाखाली निखारे टाकायचे, ते मी माझ्या घरून घमेल्यात आणत होते. त्या संदलीच्या रजईत गुडघे खुपसून या सगळ्या बायका रात्रंदिवस बसल्या होत्या. सांगा गं, कुणी तिथे ओलं जाकीट वाळताना पाहिलं?"

बायकांनी माना हलवल्या. हातभर मागे सरकलेल्या दोघी-तिघी पुन्हा बोटभर पुढे आल्या.

"कापसाला रोटीचा वास आहे. वास घे, शेरअली. हे तंदूरच्या तोंडावर वाळलंय. या तीन दिवसांत या दोन अंगणांत एकच तंदूर पेटत होता."

नुसरतने मान वर केली. "म्हणजे माझ्या घरात? आपा, तुम्ही माझ्यावर..."

"तू पायमोजे विकत घेतोस. गप्प बस." मी जाकीट उलटं केलं आणि झुम्रदखोलाच्या मांडीवर ठेवलं. "खोला, याला जीभ लाव."

म्हातारीने लावली. डोळे मिटले. "मीठ," ती म्हणाली. "आणि आंबट. सिरकासुद्धा."

"कशासाठी घालतात?"

"रंग उतरू नये म्हणून. आधी मीठ-सिरक्यात बुडवायचं, मग धुवायचं."

"या लाल कापडाने अख्खा दस्तरखान गुलाबी केला. ते या कढत पाण्यात गेलं, आणि त्याला लागून असलेला हा गोट बघा." मी गोट बोटावर ताणून सगळ्यांसमोर फिरवला. तो दुधासारखा पांढरा होता. "ज्या हाताने हा गोट वाचवला, त्याला रक्ताला गार पाणी लागतं हे ठाऊक नव्हतं? ज्या मुली आईकडून मीठ-सिरका शिकतात, त्या गार पाणी त्याच्या आधी शिकतात. आपण सगळ्याच शिकलो, बायकांनो, आणि कशासाठी शिकलो तेही आपल्याला ठाऊक आहे. हा डाग चुकून पक्का झाला नाही. निघू नये म्हणून कुणीतरी तो शिजवला. आज, इथे, सगळ्यांच्या नजरेला पडावा म्हणून गाठोड्यात ठेवला."

बेखचा फेस कढईत बसत चालला होता, त्याची बारीक चुरचुर तेवढी ऐकू येत होती.

"पण कशासाठी?" शेरअली म्हणाला. "मरण तर अपघात म्हणून मिटलं होतं. जिने केलं ती सुटली होती."

"सुटली होती. मी स्वतः सबोहतवर माती टाकून आले, मला काही कळलं नव्हतं. पण अपघात झाला तर सून घरातच राहते, शेरअली. आणि सून राहिली की पोरही तिचीच राहते. म्हणून हात दाखवून अवलक्षण करून घेतलं."

मी फझिलतकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

तिने नाकारलं नाही. मला वाटतं तिच्यात तेवढा जोर उरला नव्हता. तिने पाठीवरची पोर सोडून पुढे घेतली, छातीशी धरली.

"मी आंबवण न्यायला आले होते," ती म्हणाली. "गारठा होता म्हणून खुंटीवरचं जे हाताला लागलं ते अंगात घातलं. बीबी कुंडाशी होती. मी पाया पडले तिच्या. म्हटलं, धाकटीला पुन्हा मुलं होतील, तिचं वय आहे. मला ही एवढी एक द्या. तर म्हणाली, फझिलत, मूल म्हणजे बाजारातलं कलिंगड आहे का, हिचं उचलून तुझ्या पदरात टाकायला? मी ढकललं. नुसतं ढकललं, आपा. मग डोकं मांडीवर घेतलं तर बाही भरली."

"तेव्हा हाक का नाही मारलीस?"

"तिने डोळे मिटले होते." तिने पोरीची पाठ थोपटली. "आणि मग आत पोर रडायला लागली."

"मीठ का घातलंस?" झुम्रदखोलाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

फझिलतने आपल्या हातांकडे पाहिलं. "आठवत नाही, खोला. घातलं गेलं. नवा गोट होता. मीच शिवला होता तिच्यासाठी, पोर झाली तेव्हा."

नुसरत भिंतीला धरून खाली बसला. शेरअली उठला, पण पोर तिच्या हातातून घ्यायचं धैर्य त्याला होईना. शेवटी झरनिगोर पुढे गेली. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या. फझिलतने पोरीची टोपी सरळ केली, दोरी हनुवटीखाली बांधली, आणि पोर दिली.

"पोट दुखलं की पालथी धर," ती म्हणाली. "उजव्या हातावर."

६

शेरअलीची गाडी गेली. त्या उसवलेल्या बाहीसकट जाकीटही गेलं. नुसरत गाडीमागे काही अंतर चालत गेला आणि कोपऱ्यावर थांबला. परत आला नाही.

बायका कढयांभोवती तशाच उभ्या होत्या. पण धुणं अर्धं राहिलं होतं आणि ऊन जायला आलं होतं. ते तसंच टाकून कुणालाही घरी जाता येणार नव्हतं. सबोहतचे कपडे सबोहतचेच होते.

झरनिगोरने पोर माझ्या हातात दिली आणि बाह्या वर सारून कढईपाशी बसली. घरच्या सुनेने या धुण्याला बसायचं नसतं. कुणी तिला उठवलं नाही. तिने गाठोड्यातून सासूचे पांढरे रुमाल घेतले, नमाजाची पांढरी ओढणी घेतली, लांब बाह्यांचा पांढरा झगा घेतला, आणि एकेक करून फेसात सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हाताला काय लागतंय हे तिला दिसत नव्हतं. मग तिने सासूच्या उशीचा लाल अभ्रा उचलला, क्षणभर तोंडाशी धरला, आणि तोही त्याच कढईत घातला.

झुम्रदखोलाचा हात झटकन पुढे गेला. मी तो धरला.

"राहू दे," मी म्हटलं.

"अगं, सगळं गुलाबी होईल."

"होऊ दे."

म्हातारीने हात मागे घेतला. मग तीही झरनिगोरच्या शेजारी बसली आणि बाकीच्या बायकाही बसल्या. पाणी हळूहळू लाल होत गेलं. आम्ही सगळं धुतलं, पिळलं आणि ऊन मावळायच्या आत अंगणातल्या दोरीवर टाकलं. थंडीने कपडे लगेच ताठ झाले. सबोहतचे रुमाल, तिची ओढणी, तिचा झगा, एकूण एक गुलाबी.